क्रमांक पसंतीचा, वळण सरकारचे: पसंती क्रमांक आणि एचएसआरपी सेवेचा अनुभव

भाच्याच्या नव्या मोटारसायकलसाठी ४१४१ हाच क्रमांक हवा हा हट्ट त्याचा होता आणि त्याचे शुल्क भरण्याची हौस माझी होती, त्यामुळे या परीक्षणात आम्हा दोघांपैकी कोणालाही पूर्ण तटस्थ समजू नये. परिवहन कार्यालयाची पसंती क्रमांकाची सेवा, तो क्रमांक घेऊन गाडीवर आलेली उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजेच एचएसआरपी, आणि त्याच सुमारास माझ्या जुन्या स्कूटरला बसवून घेतलेली तशीच प्लेट, अशा तीन गोष्टींचा अनुभव मला लागोपाठ आला. छपाईच्या धंद्यात तीस वर्षे आधी खिळे आणि मग फाँट हाताळल्यामुळे अक्षरांकडे माझे लक्ष जरा अधिक गेले असेल, तेवढे वाचकांनी समजून घ्यावे.

पसंती क्रमांकाची व्यवस्था माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच नीटनेटकी निघाली. क्रमांकांची नवी मालिका सुरू होण्याआधी कार्यालय सूचना लावते, ठरलेल्या वेळेत अर्ज आणि शुल्काचा डीडी स्वीकारते आणि एकाच क्रमांकासाठी दोन अर्ज आले तर त्या अर्जदारांना वाढीव रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायला सांगते. ४१४१ साठी आणखी एक अर्जदार होताच. पाकिटे सर्वांसमोर फोडण्यात आली, रकमा मोठ्याने वाचण्यात आल्या आणि कारकुनाने कोणाकडेही न पाहता आमचे नाव नोंदवले. हरलेले गृहस्थ जाताना भाच्याला म्हणाले, "चला, तुम्हीच दादा." एवढा उघडा व्यवहार सरकारी कार्यालयात मी फार वेळा पाहिलेला नाही. मालिकेचा लिलाव झाल्यावर उरलेले क्रमांक नोव्हेंबर २०२४ पासून घरबसल्या ऑनलाइनही घेता येतात. मात्र ज्याच्यावर इतरांचाही डोळा आहे असा क्रमांक तिथपर्यंत उरत नाही, म्हणून ज्यांना ठरावीकच क्रमांक हवा आहे त्यांनी गाडीची नोंदणी होण्याआधीच कार्यालय गाठावे.

दर स्वस्त नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने ते वाढवले आणि ०००१ या क्रमांकाचे चारचाकीसाठीचे शुल्क तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या मागणीच्या ठिकाणी ते चार लाखांवरून सहा लाखांवर गेले, तर दुचाकीला त्याच क्रमांकासाठी आता एक लाख रुपये मोजावे लागतात. ०००९, ९९९९ किंवा ०७८६ यांसाठी चारचाकीला अडीच लाख आणि दुचाकीला पन्नास हजार रुपये पडतात. आमचा क्रमांक त्या पंक्तीतला नव्हता, तरी पाकिटातली रक्कम धरून झालेला खर्च घरात सांगताना मी आवाज थोडा खालीच ठेवला. याच अधिसूचनेने पसंती क्रमांक पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्याची सोय दिली, ती मला शुल्कवाढीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण लोक अशा क्रमांकाकडे घरातल्या दागिन्यासारखेच पाहतात.

आता ४१४१ च का, हे सांगितले पाहिजे. इंग्रजी वळणाच्या चाराला थोडा बाक दिला की तो 'द' होतो, एक हा आयता काना असतो आणि वरून शिरोरेघ ओढली की 'दादा' तयार. २१४ मधून 'राम' निघतो, ४९१२ मधून 'पवार' निघतात आणि ८०५५ रोमन लिपीत 'बॉस' म्हणून मिरवतो. एकच चार 'दादा'मध्ये द, 'राम'मध्ये म आणि 'पवार'मध्ये प होतो, ही रेडियमवाल्याची करामत कारागिरी म्हणून मला मनापासून आवडते आणि याच कारणासाठी ती नंबर प्लेटवर असता कामा नये हेही मला पटते. ज्या चाराचे तीन वाचक तीन अक्षरे वाचू शकतात, तो धडक देऊन पळालेल्या गाडीच्या मागे उभ्या असलेल्या साक्षीदाराच्या काही उपयोगाचा नाही, आणि द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्याच्या तर नाहीच नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि ५१ याबाबत पुरेसे स्पष्ट आहेत. अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय वळणाचेच असले पाहिजेत, म्हणजे हौसेने देवनागरीत रंगवलेली प्लेटही नियमात बसत नाही. मोटारसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षरांची उंची ३५ मिलिमीटर, अंकांची ४०, रेषेची जाडी ७ आणि दोन चिन्हांमधले अंतर ५ मिलिमीटर असावे, तर पुढच्या प्लेटवर अक्षरे आणि अंक दोन्हींची उंची ३०, जाडी ५ आणि अंतर ५ असावे, इतक्या बारकाव्याने ते लिहिलेले आहे. मुद्रकाच्या नजरेने पाहता ही मापे विचारपूर्वक ठरवलेली दिसतात. अंतर थोडे कमी केले असते तर वेगात ३ आणि ८ एकमेकांत मिसळले असते आणि रेषा आणखी जाड केली असती तर आठाची पोटे बुजली असती.

प्रत्यक्ष प्लेटही चांगली आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या वाहनांना ती विक्रेत्याकडूनच बसून येते, त्यामुळे भाच्याच्या गाडीसाठी वेगळी धावपळ करावी लागली नाही. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा, डाव्या बाजूला निळ्या रंगातला देशाचा संकेत, अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमचा दहा अंकी क्रमांक आणि एकदा बसले की न तुटता न निघणारे कुलूप, असे तिचे रूप आहे. उठावाची अक्षरे पावसात आणि रात्रीच्या दिव्यात स्वच्छ वाचता येतात. भाच्याचा चेहरा मात्र ती पाहून पडला, कारण तिच्यावर 'दादा' कुठेही नव्हता, नुसते ४१४१ होते. शोरूममधला मुलगा समजुतीने म्हणाला, "काका, नंबर तुमचा, पण वळण सरकारचं."

या सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. विशिष्ट चार अंकांना एवढी मागणी कशामुळे येते, हे ते विकणाऱ्या खात्याला ठाऊक नसेल असे मानता येत नाही. देवाच्या, जन्मतारखेच्या किंवा शुभ अंकाच्या नावाने घेणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांची काही फसगत होत नाही. परंतु ४१४१ किंवा ८०५५ साठी पाकिटात रक्कम वाढवणारा माणूस अंक विकत घेत नसून शब्द विकत घेत असतो, आणि तो शब्द लिहिण्याची परवानगी त्याला त्या पावतीने मिळत नाही. अर्जाच्या नमुन्यावर किंवा पावतीवर ठळक अक्षरांत एक ओळ छापली, की 'हा क्रमांक केवळ विहित वळणातच लावता येईल', तर निम्मे गैरसमज आणि बऱ्याचशा रेडियमच्या पट्ट्या वाचतील. आमच्या पावतीवर अशी ओळ नव्हती.

दुसरी उणीव अंमलबजावणीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या ज्या सर्वसाधारण कलमाखाली, म्हणजे कलम १७७ खाली, अशा प्लेटवर कारवाई होते, त्यात पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. राज्याची तडजोडीची रक्कम, म्हणजे खटल्याऐवजी भरून सुटण्याची रक्कम, धरली तरी आकडा फार तर हजार-दीड हजारांच्या घरात राहतो. क्रमांकासाठी हजारो-लाखो रुपये मोजणाऱ्याला हा दंड म्हणजे देखभालीचा किरकोळ खर्च वाटतो. ब्रिटनमध्ये पसंतीच्या क्रमांकाची अक्षरे किंवा अंतरे फिरवून लावली तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतोच, शिवाय तो क्रमांकच काढून घेता येतो. घेतलेली हौसच परत जाणार असेल तर रेडियमवाल्याकडे कोण जाईल? आपल्याकडे आमच्या घरापासून चौकापर्यंतच्या रस्त्यावर मला एका सकाळी चार 'दादा' आणि एक 'बॉस' दिसले, आणि सिग्नलवरचा हवालदार हेल्मेट नसलेल्यांना थांबवत होता. त्याच्या प्राधान्यक्रमाला मी दोष देत नाही. मात्र शंभर-दीडशे पावलांवर रेडियमची दुकाने उघडपणे 'फॅन्सी नंबर'ची पाटी लावून बसतात, तिथे कोणी फिरकताना दिसत नाही.

जुन्या स्कूटरचा अनुभव त्यामानाने निराश करणारा होता. २०१९ पूर्वीच्या वाहनांसाठी राज्याने तीन विभागांत तीन कंपन्यांना काम दिले आणि दर ठरवून दिले: दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५, त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजे दुचाकीला एकूण ५३१ रुपये. पैसे ऑनलाइन भरले, वेळ मिळाली, आणि ठरलेल्या दिवशी केंद्रावर गेल्यावर मागची प्लेट तयार असून पुढची आलेली नाही असे कळले. दुसऱ्यांदा खेप झाली. पुढच्या प्लेटला चौकट लागेल आणि तिचे पैसे वेगळे पडतील असेही सुचवण्यात आले, तेव्हा मी चौकट नको म्हणून सांगितले आणि प्लेट तिच्याशिवाय व्यवस्थित बसली. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती आणि त्यानंतर ती अनेकदा पुढे गेली, त्यामुळे केंद्रावर गर्दी कधी एकदम उसळे तर कधी कोणीच नसे. ही प्लेट नसेल तर गाडी दुसऱ्याच्या नावे करणे, पत्ता बदलणे किंवा कर्जाचा बोजा उतरवणे ही कामे अडतात, हे मात्र बहुतेकांना गाडी विकायच्या दिवशीच समजते.

गुण द्यायचे तर पसंती क्रमांकाच्या कार्यालयीन कामकाजाला पाचपैकी चार, प्लेटच्या दर्जाला साडेचार, जुन्या वाहनांच्या केंद्राला दोन आणि रस्त्यावरच्या अंमलबजावणीला एक. भाच्याने गेल्या आठवड्यात रेडियमवाल्याकडून 'दादा' करून घेतला, पण तो प्लेटवर नव्हे तर हेल्मेटच्या मागच्या बाजूला. हेल्मेट आता तो न विसरता घालतो.