एस्टीमचे चार नवे शॉकअप आणि साडेतीनशे रुपयांचं माउंटिंग: आठ महिन्यांनंतर

जुन्या गाडीचे शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलणार असाल तर वरची माउंटिंगही, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरून ठेवणाऱ्या रबरी बैठका, त्याच दिवशी, त्याच मजुरीत बदलून घ्या. मी घेतली नाहीत आणि चार महिने एका ‘टक्’ आवाजाच्या मागे फिरलो.

गाडी २००४ ची मारुती एस्टीम, १ लाख ३१ हजार किलोमीटर झालेली. राहतो कराडला, सासरवाडी चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला. वळणावर खड्डा लागला की गाडीचा मागचा भाग बाजूला सरकायचा. गतिरोधक उतरल्यावर तीन-चार झोके. सासूबाई घाटाच्या पायथ्याचं पोफळी यायच्या आत डोळे मिटून बसायच्या.

त्याआधी एकाच्या सांगण्यावरून मागच्या स्प्रिंगांमध्ये रबरी बफर घातले होते. गाडी जरा उंच दिसायला लागली, झोके तसेच. जाणार तरी कसे? झोका थांबवायचं काम शॉकअपमधलं तेल करतं. बफर स्प्रिंगचे दोन वेढे अडवून बसतो आणि सगळी मेहनत उरलेल्या वेढ्यांवर पडते. काढून टाकले. कुणी सुचवलं तर घालू नका.

फेब्रुवारीत चारही शॉकअप नवे टाकले, बाहेरच्या कंपनीचे, गॅसवाले. गॅस म्हणजे आत तेलावर नायट्रोजनचा दाब असतो, त्यामुळे खराब रस्त्यावर सतत हापसून तेलाला फेस येत नाही आणि शॉकअप ऐनवेळी ढिला पडत नाही. चार नगांचे ९,२००, मजुरी २,४००, अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) ४००. दुकानदार गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा घ्या म्हणून मागे लागला होता. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेऊन कोकणातून परत येणाऱ्या गाडीला त्या काय कामाच्या? स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या, पण आधी मोजून. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, म्हणजे टायरची झीज किंवा हवा मापात येत नाही. डाव्या-उजव्यात ४ मिलिमीटरचा फरक निघाला. तेवढा चालतो.

पहिले तीन आठवडे मी ओळखीच्या प्रत्येकाला गाडीत बसवून फिरवलं. खड्ड्यातून निघालं की एकदाच दबून गाडी जागेवर. घाटात स्टिअरिंगवरचे हात सैल झाले.

मग तो आवाज. पुढून, डावीकडून, टक्. मोठ्या खड्ड्यात नाही, वेगात नाही. फक्त पंधरा-वीसच्या स्पीडला, गल्लीतल्या खडबडीत डांबरावर. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, “आवाजाला वॉरंटी नाही, तेल गळलं तर या.” बारा हजार घालून आलेल्या माणसाला हे उत्तर? काउंटरवर तावातावाने भांडलो. घरी येऊन, दोष या शॉकअपचाच, असं फार कडू शब्दांत लिहून ठेवलं होतं. गॅरेजवाल्याने लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं पाहिली, चाकाकडचा बॉल जॉइंट हलवून पाहिला, सगळं घट्ट. जुलैपर्यंत हेच चाललं.

शेवटी एका रविवारी बॉनेट उघडून डाव्या माउंटिंगच्या नटावर तळहात ठेवला आणि लेकाला म्हटलं, मडगार्ड जोरात दाब आणि सोड. तिसऱ्या दाबाला तळहाताखाली टक् लागला. कानाला ऐकू येण्याआधी हाताला कळला.

म्हणजे शॉकअपचा दोष नव्हता. इथे मी माझं आधीचं मत मागे घेतो. माउंटिंगमधलं रबर वीस वर्षांचं, दबून पातळ झालेलं. जुना मेलेला शॉकअप त्याला जोर लावतच नव्हता, म्हणून ते गप्प होतं. नवा शॉकअप ताकदीचा, तो प्रत्येक धक्क्याला त्याला वर ढकलतो आणि मधली मोकळी जागा वाजते.

राग आहे तो बसवतानाच्या सल्ल्याचा. “साहेब, माउंटिंग ठणठणीत आहे, कशाला पैसे घालताय?” असं मला सांगितलं गेलं. एस्टीमला पुढे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग एकत्र जोडलेला खांब. पुढचा शॉकअप बदलायचा तर स्ट्रट उतरवायचा, स्प्रिंग दाबून धरायची, वरचा नट खोलायचा. तेव्हा माउंटिंग सुटं होऊन हातातच येतं! नवं टाकायला जादा मजुरी लागतच नाही. नंतर टाकायचं तर हाच सगळा खेळ पहिल्यापासून, वर पुन्हा अलाइनमेंट, कारण स्ट्रट उतरला की टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, हलतो. मला बेअरिंगसकट दोन माउंटिंगचे ७०० पडले आणि ती बसवायला १,६००.

हे काम दुसऱ्या गॅरेजात केलं. त्या फिटरदादांनी लोअर आर्मचा बोल्टही थोडा ढिला करून, गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावर पुन्हा आवळला. चाक लोंबकळत असताना आवळला तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमच्या गॅरेजात उभं राहून हे बघा.

टक् त्या दिवसापासून बंद आहे. एकटा असताना मागून गाडी अजून कडक लागते. मी टायरमध्ये सवयीने तीन पीएसआय जास्त भरत होतो, ते मॅन्युअलप्रमाणे केल्यावर बराच फरक पडला. गणपतीला भरल्या गाडीने घाट उतरलो तेव्हा सासूबाई पोफळीपर्यंत बोलत होत्या.

मागची माउंटिंग जुनीच आहेत, वाजत नाहीत. गेल्या आठवड्यात मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओलसर थर दिसला आणि मी बिल शोधायला धावलो. आधी फडक्याने स्वच्छ पुसला, ५०० किलोमीटर चालवली. काल बोट फिरवून पाहिलं, कोरडं आहे.