भुसावळच्या उन्हात नऊ महिने : एस९, एस१९जे प्रो आणि बिटॅक्स

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कुठलंही मशीन घ्यायच्या आधी ते किती अँपिअर ओढतं ते बघावं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तरी डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि माझी अक्कल चरायला गेली. बिटकॉइन मायनिंगची तीन मशीनं घेतली. ही दिवसरात्र आकडेमोड करतात आणि व्यवहारांचं एक पान, म्हणजे ब्लॉक, ज्याचं आधी जुळेल त्याला नवे बिटकॉइन बक्षीस मिळतात. माझी तीन : जुनं अँटमायनर एस९, वापरलेलं एस१९जे प्रो आणि तळहातावर मावणारं बिटॅक्स गामा. किमती लिहीत नाही, घरात अजून खरा आकडा माहीत नाही.

आधी आवाजाचं सांगतो, कारण व्हिडिओत तो कळतच नाही. एस१९जे प्रोला चार पंखे आहेत आणि कंपनीच्याच कागदावर ७५ डेसिबल लिहिलंय. मागच्या खोलीत लावलं, दार लावलं, वर गोधडी टांगली. सकाळी शेजारचे आप्पा ओट्यावर आले, "घरमा चक्की टाकी का रे भो?" एस९ लहान दिसतं, पण गोंगाटात मागे नाही. बिटॅक्सचा आवाज टेबल फॅनपेक्षा कमी.

वायरिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. एस१९जे प्रो ३,०५० वॅट घेतं, म्हणजे आपल्या २३० व्होल्टला तेरा अँपिअरच्या वर. गिझरही तेवढं घेतो, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो. हे रात्रंदिवस ओढतं. मी शहाणपणा करून पहिले तीन दिवस एक्स्टेन्शन बोर्डावर चालवलं. चौथ्या दिवशी पिन काढायला गेलो तर बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं आणि पिन बाहेर यायला तयार नाही. मग मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर ओढली, वेगळी एमसीबी टाकली, दोन्ही कॉर्डना वेगवेगळे १६ अँपिअरचे सॉकेट दिले. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो.

आता हिशेब. सगळे टेराहॅश विचारतात, म्हणजे मशीन सेकंदाला किती लाख कोटी वेळा आकडे जुळवून बघतं ते. घरी चालवणाऱ्याने एका टेराहॅशला किती वॅट लागतात ते विचारावं. एस९ ला १३.५ टेराहॅशसाठी १,३५० वॅट, म्हणजे शंभर. एस१९जे प्रोला १०० टेराहॅशसाठी तीसेक. मी न घेतलेल्या एस२१ ला साडेसतरा. बिटॅक्स सव्वा टेराहॅशच्या आसपास देतं आणि अठरा वॅट खातं.

एस१९जे प्रो दिवसाला ७३ युनिट घेतं. २०२५ च्या माझ्या बिलात ५०० च्या वरचं युनिट वहन आकार, शुल्क सगळं धरून १५ रुपयांच्याही पुढे गेलं; आपण १५ च धरू. रोजची वीज अकराशे रुपयांची. हाती काय येणार? पूर्ण १०० टेराहॅश चोवीस तास चालले तर २०२५ च्या उन्हाळ्यानंतरच्या हिशेबाने दिवसाला पाच हजार सातोशीच्या आसपास. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. कोटीचा भाव धरला तरी पाचशे रुपये. एस९ तर पावणेपाचशेची वीज खाऊन पासष्ट-सत्तर रुपये द्यायचं. म्हणजे वीज साडेसहा रुपयांच्या आत असेल तर एस१९जे प्रोचं बरोबरीत सुटतं, एस९ ला दोन रुपयांची लागते. दोन रुपयांनी कोण देतंय? आणि हे पाच हजारही कायमचे नाहीत. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक जुळणं किती अवघड ते, बदलते. केळीचा रोज जाहीर होणारा बोर्डाचा भाव जसा सकाळी उठून बघायचा, तसंच. फरक एवढाच की इथे भाव चढला तरी घड बारीक होत जातात. एप्रिल २०२४ च्या हाविंगमध्ये, म्हणजे बक्षीस निम्मं होतं तेव्हा, ब्लॉकचं बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ झालं, म्हणजे मी बाजार उठल्यावर पोचलो.

मशीन मंदावूनही पाहिलं. आतला प्रोग्राम (फर्मवेअर) बदलून एस१९जे प्रो ७० टेराहॅशवर आणलं, वीज १,८०० वॅटच्या आसपास आली. तोटा कमी झाला, गेला नाही.

थंडीत सगळं गोड होतं. मार्चमध्ये एकदा अवकाळी आभाळ आलं, आईने ओसरीतले अर्धओले बिबडे (ज्वारीचे पापड) आत आणले आणि मशीनच्या मागच्या गरम झोतासमोर खाट लावली. तासाभरात कडक वाळले. थोडे कडेने वळले, पण घरात या मशीनची झालेली ती एकुलती एक तारीफ.

मेमध्ये खरी परीक्षा. बाहेर ४५, आणि मशीन तीच गरम हवा आत ओढणार. दुपारी अकराला पंखे किंचाळायचे आणि एकच्या सुमाराला मशीन स्वतःच बंद पडायचं. मी समोर कूलर लावला. हे करू नका. ओली हवा आणि काळ्या मातीची धूळ मिळून आतल्या हीटसिंकवर चिखलाचा थर बसला. चिप्स बसवलेल्या आतल्या तीन बोर्डांपैकी एक कायमचा गेला. ब्लोअरने फुंकलं तेव्हा ढेकळं निघाली, अक्षरशः. त्यानंतर दिवसा बंद, रात्रीच चालू.

भाचा म्हणाला, मामा, मळ्यात नेऊ, पंपाची वीज फुकट आहे. वीज कायद्याचं कलम १२६ वाचून त्याला दाखवलं : दिलेल्या कामाऐवजी दुसऱ्याला वीज वापरली तर दुप्पट दराने आकारणी. सोलरचंही मोजलं. तीन किलोवॅटच्या पॅनलला दिवसाला बारा युनिट धरा, म्हणजे या एका मशीनला अठरा किलोवॅट हवेत. माझ्या घराच्या धाब्यावर तेवढी जागा नाही.

कर राहिला. विकताना नफ्यावर ३० टक्के अधिक सेस, आणि विजेचा खर्च त्यातून वजा होत नाही. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्चही धरता येणार नाही, असं सरकारने संसदेत २०२२ मध्येच सांगितलं. म्हणजे खिशातून तोटा आणि कागदावर नफा. यात कोण टिकेल?

बिटॅक्स अजून चालू आहे. महिन्याला तेरा युनिट. पूलवर, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून बक्षीस वाटून घ्यायचं तसं, लावलं तर वरच्याच हिशेबाने दिवसाला सहाएक रुपये मिळतील, मी सोलोवर, म्हणजे एकट्याच्या नशिबावर, ठेवलंय. पूर्ण जगाची हॅशरेट बघता ब्लॉक लागायला सरासरी चौदा हजार वर्षं. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी हा आकडा सांगतो, त्याला वाटतं मी चेष्टा करतोय.

एस१९जे प्रो दोन बोर्डांसकट विकायला काढलंय, बोर्डाची हकीकत आधी सांगूनच. एस९ भंगारात जाईल, पण त्याचा पॉवर सप्लाय काढून घेतलाय : १२ व्होल्ट, शंभर अँपिअरच्या वर. दुकानात ट्रॅक्टरचे स्टार्टर आले की टेस्टिंगला तोच लावतो, बॅटरी चार्ज करायची कटकट गेली.