६ मिमी घ्यावं की १५ मिमी? नागपुरात साय-फाय मिनिएचर रंगवणाऱ्यांसाठी

टेबलावरच्या लढाईच्या खेळांसाठी लहान शिपाई, टँक रंगवायचे हा आपला छंद, आणि यातले मिमी म्हणजे उभ्या शिपायाची साधारण उंची. त्यात नवे पोट्टे हमखास एकच गोष्ट विचारतात, की भाऊ २८ मिमीचं लय महाग पडून राहिलं, लहान स्केलमध्ये जायचं आहे, तर ६ मिमी घेऊ का १५? माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. पूर्ण फौज रंगवून टेबलावर उभी करायची हौस असेल तर ६. हाताला कापाकापी करायची, तोफ बदलायची, डोकं बदलायची खाज असेल तर डोळे मिटून १५, आणि नागपुरात राहत असाल तर १५ चं पारडं अजून थोडं जड होतं, काहून ते खाली येतेच.

पहिले आकडे समजून घ्या. ६ मिमी म्हणजे साधारण १/२८५ ते १/३००, १५ मिमी म्हणजे जवळपास १/१००. म्हणजे तोच टँक १५ मध्ये पावणेतीन-तीन पट लांब. ऐकायला फार वाटत नाही, पण रंगवायचं क्षेत्रफळ आठ पट होते आणि घनफळ तेवीस-एक पट. घरी किंवा कोणाकडून रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेणार असाल तर हा तेवीस पटीचा आकडा नीट लक्षात ठेवा, एक १५ मिमीचा भरीव टँक जेवढं रेझिन पितो तेवढ्यात ६ मिमीचे तेवीस-एक टँक निघतात. पोकळ करून छापला तर फरक कमी होतो, पण भोकं ठेवून आतलं रेझिन काढायला विसरू नका.

आता रंगकाम. ६ मिमीबद्दल लोकांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे इतकं बारीक दिसणार कसं, डोळे जातील. उलट आहे. ६ मिमीत तुम्ही माणूस रंगवतच नाही, तुकडी रंगवता. चेहरा म्हणजे एक ठिपका, बंदूक म्हणजे एक रेघ, बस. आइसक्रीमच्या काडीवर आठ-दहा शिपाई फेविकॉलच्या थेंबाने चिकटवायचे, पांढरा किंवा फिका करडा प्रायमर (रंग पकडून ठेवणारा पहिला थर), त्यावर कॉन्ट्रास्टसारखा, खाचांत आपोआप गडद होणारा पातळ रंग एका हाताने सगळ्यांना, वाळला की फिक्या रंगाचा ड्रायब्रश (जवळपास कोरडा ब्रश वरून घासायचा), मग बंदुका काळ्या आणि हेल्मेटच्या काचेला एक चकचकीत ठिपका. आणि एक गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, रंग तुम्हाला योग्य वाटतो त्यापेक्षा एक-दोन छटा फिका घ्या. इतक्या लहान वस्तूवर गडद हिरवा टेबलावर सरळ काळाच दिसतो, तीन फुटांवरून काहीच कळत नाही, मग मेहनत गेली वाया. भगवा, पिवळा, फिका निळा हे ६ मिमीत भारी उठून दिसतात. बेसवर, म्हणजे तुकडी ज्या तुकड्यावर चिकटवून उभी करता त्यावर, तर अर्धा खेळ असते, चाळलेली बारीक रेती, आपल्या काळ्या मातीसारखा गडद तपकिरी रंग आणि त्यावर कडांना थोडा फिका ड्रायब्रश, त्यावर भगवी तुकडी ठेवून पाहा, लय देखणी दिसते.

१५ मिमीत ही सूट मिळत नाही. चेहरा असतो, पट्टे असतात, पाउच असतात, आणि एकदा दिसले की रंगवावेच वाटतात. डोळे मात्र इथेही रंगवू नका, डोळ्यांच्या खोबणीत गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, सोडला की पुरते. वॉश, मग मूळ रंग परत, मग कडांना एक हायलाइट, एवढ्या तीन पायऱ्यांत छान माणूस तयार होते. गाड्यांवर मात्र १५ मध्ये मजाच मजा, नंबर हाताने काढता येतात, स्पंजने उडालेला रंग दाखवता येते, चाकांवर चिखल चढवता येते. ६ मध्ये हे सगळं केलं तरी डाग पडल्यासारखं दिसते. रंगांचं म्हणाल तर कॅमल किंवा फेविक्रिलचे अॅक्रिलिक बेस आणि टेरेनला (टेबलावरचे डोंगर, घरं) बिनधास्त वापरा, पण मिनिएचरसाठी वायेहो (Vallejo) किंवा सिटाडेलसारखे बारीक पिगमेंटचे थोडेच, सहा-सात रंग घ्या. ६ मिमीवर जाड रंगाचा एक थर म्हणजे होता नव्हता तेवढा तपशील बुजला.

कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे कापून-जोडून मॉडेलचं रूप बदलण्यात, तर दोघांची तुलनाच होत नाही असं माझं मत आहे. ६ मिमीचा शिपाई कापून काही साधत नाही, फार तर ओळीतले शिपाई सुटे करून बेसवर वेगळ्या मांडणीत लावा. जे करायचं ते गाड्यांवर आणि मोठ्या यंत्रमानवांवर: बुर्ज बदला, स्टेपलरच्या पिनेची तोफ लावा, तांब्याच्या बारीक तारेचा अँटेना, प्लास्टिक शीटचे चौकोन चिकटवून जादा चिलखत. बॅटलटेक या खेळाचे मेक, म्हणजे यंत्रमानव, घेतले तर कमरेत कापून धड वळवलं, खांद्यात कापून हात उचलला की एकसारखे साचे एकदम वेगवेगळे दिसायला लागतात, हे ६ मिमीतलं सगळ्यात समाधानाचं काम आहे.

१५ मध्ये माणसाचं डोकं खरोखर बदलता येते. मान आडवी साफ कापायची, अर्ध्या मिमीचा ड्रिल, त्यात बारीक तार, वरून दुसरं डोकं आणि फटीत ग्रीन स्टफ (आकार देता येतो अशी हिरवी पुट्टी). यासाठी लागणारी हत्यारं ऑनलाइन हॉबीच्या नावाने महाग घेण्याआधी इतवारीत सराफ्याकडे एक चक्कर मारा, सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात हाताचा ड्रिल, बारीक बिट, सुई-कानशी, टोकदार चिमटे, बारीक पात्याची करवत हे सगळं त्यांच्या रोजच्या कामाचं असते आणि आपल्या कामालाही तेच लागते. ग्रीन स्टफ महाग पडते म्हणून आतला जाड भराव एम-सीलने करा आणि फक्त वरचा तपशील ग्रीन स्टफचा, एम-सीलला कापडाची घडी किंवा धारदार कड नीट येत नाही पण सुकल्यावर घासता छान येते.

आणि आता ते नागपूरवालं कारण. १५ मिमी म्हणजे १/१००, आणि १:१०० हा आर्किटेक्चरच्या मॉडेलचा रोजचा स्केल आहे. आपल्याकडे व्हीएनआयटीसकट आर्किटेक्चरची पोरं भरपूर, त्यामुळे त्यांच्या सामानाच्या दुकानात झाडं, कुंपणं, प्लास्टिकची माणसं, सनबोर्ड, पारदर्शक शीट हे सगळं तुमच्या स्केलचं विचारून घेता येते. शिवाय गनप्लाच्या, म्हणजे गंडम रोबोटच्या, १/१०० प्लास्टिक किटमधले उरलेले पाइप, थ्रस्टर, पॅनल १५ मिमीच्या टँकवर असे बसतात की जसे त्याच्यासाठीच बनवले. ६ मिमीवाल्याला हे असं दुकानातून सहज मिळत नाही, त्याला इमारती बहुतेक स्वतः बनवाव्या नाहीतर छापाव्या लागतात.

हवामान दोघांनाही सारखंच छळते, फक्त ६ मिमी जास्त लवकर बिघडते कारण थर जाड झाला की संपलं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की स्प्रेचा रंग मॉडेलवर पोचायच्या आधी हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, जुलैत दमट हवेत तोच प्रायमर किंवा वॉर्निश पांढुरका पडतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा-साडेसहाला, पावसाळ्यात चार दिवस कोरडे मिळाले तर, नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर ठेवा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे मेटलच्या मिनिएचरवर चालतो, पण प्लास्टिकवर आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यावर मारून पाहा, काही स्प्रे प्लास्टिक विरघळवतात. फेविक्विकचं उलटं गणित आहे, ते हवेतल्या ओलाव्यानेच पकडते, त्यामुळे कोरड्या मे महिन्यात पकडायला वेळ लावते, जोडाच्या एका बाजूला तोंडाने वाफ द्या की झटकन बसते. पॅलेटवर रंग दोन मिनिटांत सुकत असेल तर डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, झाला वेट पॅलेट. कूलरच्या खोलीत ओलावा असतो तो चांगला, फक्त थेट झोतात बसू नका. रेझिन प्रिंटर असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री रेझिन घट्ट होऊन प्रिंट फसतात, तेव्हा दुपारीच चालवा, आणि कधीही चालवा, हातात नायट्राइल ग्लोव्हज अन् खिडकी उघडी.

खेळायचं म्हणाल तर ६ मिमीत जेवणाच्या टेबलावर आख्खी टँक बटालियन फिरते, १५ मध्ये त्याच टेबलावर एक-दोन प्लाटून. नियमांसाठी पैसे खर्च करायची घाई नको, ग्राउंड झिरो गेम्सचे डर्टसाइड दोन आणि स्टारग्रंट दोन हे दोन्ही पीडीएफ फुकट मिळतात, पहिला लहान स्केलच्या गाड्यांच्या लढाईसाठी बरा, दुसरा १५ च्या पायदळाला फिट बसतो.

एक सावधगिरी ६ मिमीवाल्यांसाठी. गेम्स वर्कशॉप कंपनीचा जुना एपिक हा खेळ, म्हणजे १९८८-८९ पासूनचा, हा ६ मिमीचा. त्याच कंपनीचे २०१८ चा अडेप्टस टायटॅनिकस आणि २०२३ चा लीजन्स इम्पिरियालिस हे खेळ साधारण ८ मिमीच्या जवळ जातात. कोणी जुनं सामान स्वस्तात देत असेल तर घ्या, पण जुने-नवे शिपाई एकाच बेसवर ठेवू नका, शेजारी उभे केले की फरक लगेच डोळ्यात भरतो. वेगवेगळ्या तुकड्यांत चालून जातात, गाड्यांमध्ये तर फारसं कोणी पाहत नाही.

मधला १० मिमी पण आहे, ज्यांना एन गेज या लहान मॉडेल रेल्वेची घरं आवडतात त्यांना तो जवळपास जुळतो, पण साय-फायमध्ये निवड कमी आणि कन्व्हर्जनला ना इकडचा ना तिकडचा, म्हणून पहिला स्केल म्हणून मी सुचवत नाही. अजूनही मन ठरत नसेल तर मोठा बॉक्स न घेता ६ मिमीच्या पायदळाचं एकच पाकीट आणि १५ मिमीची एकच गाडी मागवा, दोन्हींवर तोच प्रायमर आणि तेच रंग वापरा. पाकिटातली शेवटची काडी रंगवताना कंटाळा आला आणि गाडीला अजून एक तोफ कुठे बसेल हे डोक्यात फिरत राहिलं, तर १५ च घ्या.