खऱ्या टेक्स्चरचा सीटी फँटम: वापरून बघितल्यावर

आम्ही इतकी वर्षं सीटीचं रिकन्स्ट्रक्शन (स्कॅनच्या डेटावरून इमेज बनवणं) तपासायला तोच गुळगुळीत पाण्याचा सिलिंडर वापरत होतो, पाणी ०, हवा उणे १००० एचयू (हाउन्सफील्ड युनिट, सीटी इमेजमधलं घनतेचं माप), आकडे बरोबर आले की काम झालं. आता हा थ्रीडी प्रिंटेड लिव्हर फँटम (रुग्णाऐवजी स्कॅन करायचा, लिव्हरसारखं टेक्स्चर असलेला नमुना) घेतला आणि खरं सांगते, आधीच का नाही घेतला असं झालं.

एकाच फँटमचा रेडिएशनचा फुल डोस आणि पाव डोस देऊन स्कॅन केला. पाव डोसला फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शनमध्ये (रिकन्स्ट्रक्शनची जुनी, सरळ पद्धत) नॉइज, म्हणजे इमेजचा दाणेदारपणा, साधारण दुप्पट, ते अपेक्षितच होतं, पण इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनची (इमेज पुन्हा पुन्हा सुधारत नॉइज कमी करणारी पद्धत) स्ट्रेंग्थ फुल ठेवली तर इमेज अशी छान मऊ दिसते की कोणालाही आवडेल, आणि नीट बघितलं तर ५ मिमीचा लो कॉन्ट्रास्ट (आजूबाजूपेक्षा जेमतेम वेगळा) डाग आजूबाजूच्या टेक्स्चरमध्ये विरघळून गेलेला!! सिलिंडरवर हे कधी कळलंच नसतं, कारण या पद्धती नॉनलिनियर असतात, कॉन्ट्रास्ट आणि डोस बदलला की रिझोल्यूशनही बदलतं, शिवाय सपाट बॅकग्राउंड त्यांना फारच सोपं जातं. डीप लर्निंगवालं रिकन्स्ट्रक्शन तर अशाच टेक्स्चरवर तपासायला हवं, नुसता नॉइजचा आकडा बघून भुलू नका.

तक्रार एकच, आमच्या पीसमध्ये एका कडेला प्रिंटिंगच्या वेळी हवेचे बारीक बुडबुडे राहिलेत, त्या स्लाइस सोडूनच मोजावं लागतं, आणि विकणाऱ्यांनी दोन मेलला उत्तर दिलेलं नाही. तरी घ्याच. फक्त आल्या आल्या आधी एक थिन स्लाइस स्कॅन करून बुडबुडे शोधा.