वर्गाच्या ब्लॉगसाठी गुगलचं ब्लॉगर: फुकट आहे, पण शाळेच्या बेताचं नाही

पैसे लागत नाहीत, स्वतःहून जाहिराती लावत नाही, फोनवरच्या क्रोममध्येही चालतं. वर्गाचा ब्लॉग काढायला निघालेल्या सोलापूरच्या मराठी शाळेला ब्लॉगर आधी आठवावं, हे बरोबरच आहे. सेवा १९९९ची, २००३पासून गुगलकडे. तिचं वय सेटिंग उघडलं की जाणवतं. आठवी ते दहावीसाठी पाचपैकी साडेतीन तारे, पाचवी ते सातवीसाठी दोन.

मोठी उणीव एकच, पण नेमकी शाळेलाच नडणारी. एका ब्लॉगला शंभर जण जोडता येतात, म्हणजे साठ मुलांची तुकडी सहज मावते. मात्र लेखक केलेल्या मुलाने 'प्रकाशित करा' दाबलं की लेख थेट बाहेर. आधी शिक्षकांच्या नजरेखालून जावा अशी सोयच नाही. वर्डप्रेस डॉट कॉम या दुसऱ्या ब्लॉगसेवेवर ती आहे. तिथे 'कॉन्ट्रिब्युटर' मुलगा लिहितो आणि प्रकाशित शिक्षक करतात, पण त्याला फोटो चढवता येत नाही आणि फुकटच्या योजनेत जाहिराती दिसतात.

ब्लॉगरवर यातून वाट आहे ती ईमेलची. सेटिंगमध्ये ईमेलने पोस्ट करण्याची सोय सुरू करायची, मुलांनी मेल पाठवायच्या पत्त्यात एक गुप्त शब्द घालायचा आणि मेल मसुदा म्हणून ठेवण्याचा पर्याय निवडायचा. मेलचा विषय शीर्षक होतो, मजकूर मसुद्यात जाऊन पडतो. लेखावर नाव शिक्षकांचं लागतं, म्हणून मुलाचं नाव मजकुराखाली हवं: पहिलं नाव आणि तुकडी, आडनाव नको. पत्ता फुटला तर गुप्त शब्द बदलायचा. तेरा वर्षांखालच्या मुलांचा मजकूर शिक्षकांनीच चढवावा. शिवाय २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच. पालकसभेतच संमतीच्या सह्या घेऊन ठेवलेल्या बऱ्या.

देवनागरीचा घोळ वेगळाच. शीर्षक मराठीत दिलं की लिंकमधून ती अक्षरं गळतात आणि नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' व पुढे आकडा उरतो. चार हुतात्म्यांवरचा लेख कुठला आणि गड्ड्याच्या यात्रेवरचा कुठला, लिंक पाहून कळत नाही. प्रकाशित करण्याआधीच पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या लिंकच्या, रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाकावेत. टाइम झोन कोलकात्याचा आहे ना तेही बघा, नाहीतर तारीख चुकते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डवरचा युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखाच वाचता येणारा मजकूरच हवा.

मुलं खरी शिकतात ती प्रतिक्रियांमधून. कडक भाकरीवरच्या लेखाखाली सगळ्यांनी 'छान', 'मस्त' लिहिलं तर लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'भाजून झाल्यावर परत का वाळवायची?' असं एकाने विचारलं की त्याला आजीला गाठावंच लागतं: ओल राहिली तर भाकरीला बुरशी धरते, पार सुकली की कितीतरी दिवस टिकते. मग लेखात तो परिच्छेद वाढतो. म्हणून नियम असा: लेखातलं एक वाक्य उचलायचं आणि त्यावरच प्रश्न विचारायचा. मॉडरेशन, म्हणजे प्रतिक्रिया आधी तपासून मगच दाखवण्याची सोय, 'नेहमी'वर ठेवावं, पण प्रतिक्रिया आठवडाभर अडवून ठेवू नयेत. मुलांचा उत्साह तेवढा टिकत नाही.

वार्षिक परीक्षेआधी बॅकअप घ्या. त्या फाइलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत. मूळ फोटो तुकडीवार फोल्डर करून शाळेच्या कॉम्प्युटरवर वेगळे ठेवावे लागतात.