जुना कॅम्पिंग ट्रेलर घेताय? आधी बॅटऱ्यांची तार सोडवून बघा

दाखवताना बॅटरीचा दिवा हिरवा होता. त्या दिव्यावर भरवसा ठेवून मी जुन्या ट्रेलरचे ६५,००० रुपये जास्तीचे मोजले, आणि माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांना सारंगखेड्याच्या यात्रेत अर्धी रात्र बसून काढावी लागली. पैशांचं दुःख आहेच, पण त्या रात्रीचं जास्त आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही अमळनेरचे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घोड्यांचा फार नाद. उमेदीच्या काळात दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेले की चार-चार दिवस तापीकाठीच मुक्काम टाकायचे. गेली काही वर्षं ते बंद झालं होतं. झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप मशीन चालवावं लागतं, आणि मशीनला रात्रभर वीज लागते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत या म्हटलं की ते म्हणायचे, "घोडा पहाटे बघायचा असतो रे, दुपारी नाही."

राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की बोलेरोच्या मागे जोडता येईल असा लहान ट्रेलर घ्यावा. नवा परवडणारा नव्हता. शेवटी महामार्गालगतच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात एक मिळाला. दोन झोपायच्या जागा, छोटा ओटा, पंखा, दिवे, इन्व्हर्टर, १५० अॅम्पियर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. किंमत ४,८०,०००. त्यातले ६५,००० "इलेक्ट्रिकचं सगळं नवं टाकलंय, बॅटऱ्या फक्त सहा महिन्यांच्या" म्हणून. आरसी, चासी नंबर, टायर, जोडणीचा हुक, हे सगळं मी नीट तपासलं. त्यात खोट नव्हती. खोट जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे होती.

विक्रेत्याने आम्हाला आत बसवलं, पंखा लावला, सगळे दिवे लावले, मोबाइल चार्जिंगला लावून दाखवला. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा, बॅटरीच्या मीटरवर १३.६ व्होल्ट. मला वाटलं, बारा व्होल्टच्या बॅटरीत १३.६ म्हणजे काठोकाठ भरलेली. ट्रेलरच्या मागच्या अंगाला ताडपत्री टाकलेली होती आणि तिच्याखालून एक काळी वायर शेडमध्ये गेली होती. ती मी पाहिली होती. शेडमधल्या दिव्याची असेल असं वाटून विचारलं नाही. ती वायर ट्रेलरच्या चार्जरला वीज देत होती. १३.६ हा आकडा बॅटरीचा नव्हताच, चार्जरचा होता. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीसुद्धा मीटरवर धडधाकट दिसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जनरेटर त्याने दोन ओढीत सुरू केला, मीटर लावून २३० व्होल्ट दाखवले आणि एक बल्ब पेटवला. मिनिटभरात बंदही केला, "उगाच पेट्रोल कशाला जाळायचं" म्हणून.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी शिंदखेडा, दोंडाईचा करत सारंगखेड्याला पोचलो. आप्पा त्या संध्याकाळी फार खूश होते. पांढऱ्या घोड्यांच्या रांगेसमोर काठी टेकून अर्धा तास उभे राहिले, एका व्यापाऱ्याशी दातांवरून वय कसं ओळखायचं यावर वाद घातला. रात्री शेवभाजी-भाकरी खाऊन दहाच्या सुमाराला मास्क लावून झोपले. थंडी कडाक्याची होती, त्यामुळे पंखाही बंद होता. चालू होतं ते फक्त सीपॅप आणि एक लहान दिवा.

इथे हिशेब सांगतो, कारण फसवणूक किती मोठी होती ते त्यातूनच कळतं. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला की सीपॅप साधारण ३० ते ६० वॅट घेतं. ५० धरले तर आठ तासांचे ४०० वॅट-अवर. १२ व्होल्ट, १५० अॅम्पियर-अवर म्हणजे एका बॅटरीत १,८०० वॅट-अवर, दोघींत ३,६००. इन्व्हर्टर थोडं खातो ते धरूनही अशा दोन रात्री आरामात निघायला हव्यात. आमचं मशीन पावणेबाराला बंद पडलं. इन्व्हर्टर आधी पी-पी करत राहिला, मग लाल दिवा लागला आणि सगळा अंधार. आप्पा घाबरून उठले, मास्क ओढून काढला आणि भिंतीला टेकून धापा टाकत बसले.

मी जनरेटर बाहेर लांब नेऊन ठेवला. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. जनरेटर कधीही ट्रेलरच्या आत, पायरीखाली किंवा खिडकीजवळ चालवू नका, थंडी कितीही असो. पंधरा-सोळा ओढींनंतर तो सुरू झाला. पण इन्व्हर्टर चार्जच घेईना. मीटरवर १७० च्या आसपास व्होल्ट, तेही वर-खाली हेलकावत. शेवटी सीपॅप थेट जनरेटरवर लावलं. वीस मिनिटं चाललं, मग इंजिनाचा आवाज चढ-उतार व्हायला लागला आणि ते फटफट करून थांबलं. नंतर किती ओढलं तरी सुरू झालं नाही.

शेजारच्या तंबूत घोडे घेऊन आलेला एक पिकअपवाला आवाजाने जागा झाला. त्याचं नाव मी देत नाही, पण त्याचे उपकार विसरणार नाही. बॅटरी-खोक्यात टॉर्च मारून तो म्हणाला, "दादा, आधी तुमच्या दोन्ही बॅटऱ्या सोडवा, नाहीतर माझीपण ओढून घेतील." टर्मिनल सोडवले, त्याच्या पिकअपच्या बॅटरीवरून जंपर केबल आमच्या इन्व्हर्टरला जोडली आणि त्याने पहाटेपर्यंत गाडी संथ चालू ठेवली. दीडच्या सुमाराला आप्पांनी पुन्हा मास्क लावला, पण झोपले नाहीत. बसूनच होते. माझ्या हातावर त्यांचा हात होता, तो थंडगार होता. पहाटे घोड्यांच्या टापा ऐकू यायला लागल्या तेव्हा मी विचारलं, "जायचं का बघायला?" मान हलवून नको म्हणाले. दुपारी आम्ही परत निघालो.

अमळनेरला आमच्या गल्लीत एक जुना बॅटरीवाला आहे. त्याने खोकं उघडलं आणि आधी बॅटऱ्यांकडे पाहिलंच नाही, खोक्याकडे पाहिलं. झोपायच्या फळीखाली बंद खोकं, हवा जायला एकही भोक नाही. पाणी घालायच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि तो ठिणगीने भडकतो. त्या खोक्यावर आप्पा झोपले होते. हे ऐकल्यावर मला बसावंच लागलं.

त्याने दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या, वेगवेगळ्या रात्रभर चार्ज केल्या आणि मग पुन्हा एक रात्र काहीही न जोडता तशाच ठेवल्या. चार्जिंगनंतर लगेच मोजलेला आकडा फसवा असतो, वर-वरचा चार्ज उतरायला काही तास जावे लागतात. निवांत पडलेली चांगली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८-११.९ म्हणजे रिकामी. आमची पहिली १०.७ वर आली. त्याने हायड्रोमीटर घातला. पाच कप्प्यांत आम्लाची घनता १.२२ च्या आसपास आणि सहाव्यात १.१०. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती १.२४ च्या आसपास आणि सहाही कप्प्यांत जवळजवळ सारखी हवी. एक कप्पा मेला की दोन व्होल्ट गेलेच.

दुसरी मात्र १२.६ दाखवत होती. मला आशा वाटली. त्याने बॅटरीवर जड भार टाकून बघणाऱ्या लोड टेस्टरचे चिमटे लावले आणि काटा नऊपर्यंत खाली बसला. "भाऊ, हाई बी मरेल शे," तो म्हणाला. आतल्या पट्ट्यांवर सल्फेट चढून कडक झालेलं. अशी बॅटरी मीटरला व्होल्ट दाखवते, काम मात्र करत नाही. शिवाय दोघी एकत्र जोडलेल्या, त्यामुळे मेलेला कप्पा दुसरीतलं उरलंसुरलं रोज ओढत होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये, पाणी न घालता, चार्ज न करता बॅटरी दोन उन्हाळे ठेवली तर तिचं हेच होतं.

मग त्याने झाकणावरचा नवा रंग रॉकेलच्या फडक्याने पुसला. खाली मूळ क्रमांक पॉलिश पेपरने घासलेला, पण पूर्ण गेलेला नाही. सेवा केंद्रात तो वाचून बॅटरी पाच वर्षांची असल्याचं सांगितलं. वर चिकटवलेलं वॉरंटीचं स्टिकर नवं होतं. मला दिलेल्या वॉरंटी कार्डावर तारीख पेनने लिहिलेली आणि क्रमांकाची जागा कोरी. ती कोरी जागा मी विकत घेतानाच पाहायला हवी होती. तुम्ही जरूर पाहा, आणि कार्डावरचा क्रमांक बॅटरीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवा.

जनरेटरची लबाडी याहून बारीक होती. ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची वीज देणारा हा साधा जनरेटर मिनिटाला ३,००० फेरे फिरतो; वेग वाढला की हर्ट्झही वाढतात. आमच्यातला कपॅसिटर कमकुवत झालेला, त्यामुळे योग्य वेगाला पुरेसे व्होल्ट निघत नव्हते. तो बदलायचा सोडून कुणीतरी इंजिनाचा वेग वाढवून ठेवला होता. रिकाम्या जनरेटरवर २३० व्होल्ट दिसले, पण मेकॅनिकने हर्ट्झ मोजले तर ५७. हीटर लावला की व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही कोसळत. म्हणून नुसते व्होल्ट बघू नका, हर्ट्झ दाखवणारा मीटर न्या. रिकाम्यावर ५० ते ५२ असावेत आणि भार टाकल्यावर ५० च्या फार खाली जाऊ नयेत. बल्बने काही कळत नाही. अडीच केव्हीएतून साधारण २,००० वॅट मिळायला हवेत, तर हजार वॅटची इस्त्री किंवा हीटर लावा आणि अर्धा तास चालू द्या. आमचा बंद पडला तो कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचल्याने. विक्रेत्याने दाखवायच्या आधी त्यात ताजं पेट्रोल आणि बहुतेक काहीतरी फवाराही मारला असणार, एरवी तो दोन ओढीत सुरू होणारा नव्हता.

बॅटऱ्यांसाठी एवढंच करा. आदल्या दिवशी विक्रेत्याला सांगा की बाहेरची वीज आणि सोलरची वायर दोन्ही काढून ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आधी ट्रेलरभोवती फिरून एकेक वायर हाताने कुठे जाते ते बघा, मग व्होल्ट मोजा. नंतर २०० वॅटचा भार दोन तास चालवा. दीडशेच्या दोन बॅटऱ्यांसाठी हे काहीच नाही. एवढ्यात व्होल्ट १२ च्या जवळ आले तर तिथेच थांबा. विक्रेता वेळ नाही म्हणाला तर परत या. मला त्याने "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" असं सांगून घाई केली होती आणि मी घाई केली.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा त्याने पावतीच्या मागचा बारीक छापा दाखवला. जुना माल, जसा आहे तसा, गॅरंटी नाही. पण त्याने व्हॉट्सअॅपवर "बॅटरी ६ महिने, कार्डासकट" असं लिहून पाठवलं होतं, फोटोसकट. तो संदेश मी पुसला नव्हता, हे माझं नशीब. तोंडी सांगितलेलं प्रत्येक वाक्य लेखी मागून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, आधी तक्रार नोंदवली. त्यातून काही निघालं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. मात्र हे व्यापाऱ्याकडून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मालाला लागू पडतं. शेजाऱ्याने स्वतःचा ट्रेलर तुम्हाला विकला तर प्रकरण वेगळं होतं.

नव्या बॅटऱ्या टाकल्या, खोक्याला बाहेर उघडणारी हवेची नळी बसवली, सीपॅपसाठी एक छोटी वेगळी बॅटरी ठेवली. नवीबरोबर जुनी जोडू नका, ती नवीलाही खाते. बॅटरीवाल्या दुकानदाराने जुन्या परत देऊन किमतीत सूट घ्यायला सांगितलं, भंगारवालाही दोनदा येऊन गेला. दिल्या नाहीत. घासलेल्या क्रमांकासकट दोन्ही पडवीत पोत्याखाली ठेवल्यात. आयोगाची तारीख लागली की पंचनाम्याला त्याच लागतील.