५०० किलोवाला मॅग्नेट बुडाला, २०० किलोवाला टिकला : मॅग्नेट फिशिंगचे आठ महिने

आधीच सांगतो, मी यातला एक्स्पर्ट वगैरे नाही. गेल्या ऑक्टोबरात सुरू केलं, आता जून चालू आहे, आणि एवढ्या काळात एक मॅग्नेट घालवला, एक मित्राचा वापरून परत केला आणि तिसऱ्यावर स्थिरावलो. नवीन माणूस जी चूक करतो ती मी पैसे मोजून करून बसलोय, म्हणून लिहितोय.

राहतो नेदरलँडमध्ये, आइंडहोव्हनच्या जवळ. इथे घराबाहेर पडलं की कालवा आडवा येतोच. ऑफिसातल्या एका डच पोराने नाद लावला, इथे त्याला माखनेटफिसन म्हणतात (माखनचा काही संबंध नाही). दोराला भलादांडगा लोहचुंबक बांधायचा, पुलावरून कालव्यात सोडायचा आणि जे चिकटेल ते वर ओढायचं, बास. बायको म्हणाली हे कसले भिकेचे डोहाळे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणे, अरे हा तर आपला विहिरीतला गळ! आजोळी विहिरीत बादली पडली की शेजारून गळ मागून आणायचे आणि अर्धा दिवस चाचपडत बसायचे, ते तिला आठवलं. मला मात्र नाशिकच्या रामकुंडावरची पोरं आठवली, फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून पाण्यातली नाणी काढायची. स्टीलचा छोटा रुपया टुणकन चिकटून यायचा आणि तेव्हाचा दोनचा कॉपर-निकेलचा असल्यामुळे पाण्यातच राहायचा. युरोचंही तसंच निघालं बघा, १, २ आणि ५ सेंट आतून स्टीलचे म्हणून मस्त चिकटतात, १०, २० आणि ५० सेंट अजिबात नाहीत, आणि १ नि २ युरोची नाणी अगदी मरतुकडी ओढ दाखवतात. सोनं, चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यातलं काही म्हणजे काही चिकटत नाही, तेव्हा खजिन्याच्या आशेने येणार असाल तर इथूनच परत फिरा.

आता पहिला मॅग्नेट. ऑनलाइन पूर्ण किट घेतलं, ३५ युरो, डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० किलो. दोर, हातमोजे, सगळं आत. मला वाटलं ५०० किलो म्हणजे बुडालेली मोटारसायकल सुद्धा काढू. घरी आल्यावर नीट वाचलं तेव्हा कळलं की मॅग्नेट दोन्ही बाजूंचा आहे आणि दोन्हीकडची ताकद मिळवून ५०० लिहिलंय, म्हणजे एका वेळी एकच बाजू चिकटणार आणि हातात २५०च. ते २५० सुद्धा कसं मोजतात, तर जाड, सपाट, स्वच्छ स्टीलच्या ठोकळ्याला चिकटवून सरळ वर ओढून. कालव्याच्या तळाशी असा ठोकळा तुमच्यासाठी कोण ठेवणार? तिथे असतो गंजाचा थर, त्यावर गाळ, आणि वस्तू बहुतेक वेळा गोल नाहीतर पातळ पत्र्याची. मधे मिलिमीटरभर गंज आला तरी पकड धपकन खाली येते. सायकलचा पाइप तर गोल पण आणि पातळ पण, त्यामुळे आकडा काहीही असो, गाळात रुतलेली सायकल काढताना मॅग्नेट दोन-तीनदा सुटतोच.

बरं आकडा खोटा म्हणून मॅग्नेट बुडाला असंही नाही, तो बुडाला आयबोल्टमुळे. मॅग्नेटच्या वर जो कडीवाला बोल्ट असतो तो नुसता आट्यांवर पिळलेला असतो आणि पाण्यात दोराला पीळ बसत जातो, त्यामुळे तो बोल्ट प्रत्येक वेळी ओढताना थोडा थोडा उलगडतो. चौथ्या की पाचव्या वेळी मी दोर वर घेतला तर टोकाला चकाचक बोल्ट आणि कडी, खाली मॅग्नेट गायब! पोरगा शेजारी उभा, त्याने विचारलं बाबा मासा सुटला का. विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर आलं की वापरण्यापूर्वी बोल्ट चिकटवून घ्यायचा असतो. किटच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून सांगतो, कुठलाही मॅग्नेट घ्या पण पाण्यात टाकण्याआधी बोल्ट काढून आटे कोरडे पुसून थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) लावा, एक दिवस वाळू द्या, आणि प्रत्येक खेपेआधी बोटाने पिळून बघा. दोनशे रुपयांचं काम आहे, न केल्यास पूर्ण मॅग्नेट जातो.

दुसरा मित्राने दिला, चारही बाजूंनी चिकटणारा, ३६० डिग्रीवाला म्हणतात तो. युट्यूबवर सगळे तोच वापरतात, ऐकायला भारी, पण इथल्या बऱ्याच कालव्यांच्या काठाला पाण्याखाली लोखंडी पत्रे ठोकलेले असतात माती ढासळू नये म्हणून, आणि हा पठ्ठ्या वर येता येता फाट्कन त्या पत्र्याला चिकटतो. एकदा चिकटला की पुलावरून वाकून कितीही ओढा, हलत नाही, कारण सरळ ओढण्यातच तर त्याची खरी ताकद आहे. शेवटी काठाने चालत वीसेक पावलं बाजूला गेलो आणि तिरका ओढला तेव्हा घसरत घसरत सुटला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, मॅग्नेट बाजूला सरकवायला सरळ ओढण्यापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो, त्यामुळे अडकला की सरकवायचा, उपटायचा नाही. घरी सुद्धा तेच, माझा एकदा सायकलच्या कॅरिअरला बसला तर लाकडी पाचर घालून सरकवला. पण याचीच दुसरी बाजू अशी की पाण्यातली वस्तू तिरकी ओढली की ती पण तशीच घसरून जाते, म्हणून शक्यतो वस्तूच्या बरोब्बर वर उभं राहून ओढायचं.

तिसरा मी स्वतः विचार करून घेतला. एकाच बाजूचा, ७५ मिलिमीटर व्यासाचा, २०० किलो लिहिलेला, वजन साधारण ६०० ग्रॅम. साठेक युरो पडले दोर सोडून. आत निओडिमियमचा (भलत्या ताकदीच्या जातीचा) मॅग्नेट आणि बाहेर स्टीलची वाटी, त्या वाटीमुळे सगळी ओढ खालच्या तोंडालाच येते, पाठीकडून जवळपास काही चिकटत नाही. त्यामुळे पुलावरून सरळ सोडायला हा एकदम बेस्ट, काठच्या पत्र्यांना सहसा धरत नाही. काठावर उभं राहून लांब फेकून तळावरून ओढत आणणार असाल तर मात्र दोन बाजूंचा बरा, कारण तो पालथा पडो की उताणा, एक तोंड तळाला असतंच. माझा ओढताना आडवा होतो आणि नुसता गाळ खरवडत येतो. मी नव्वद टक्के वेळा पुलावरूनच करतो म्हणून मला चालतो. तर आधी तुम्ही कुठून टाकणार ते ठरवा, किलोचा आकडा नंतर. मित्राच्या मित्राकडे १२० मिलिमीटरचा आहे, दीड किलोचा धोंडा, दहा वेळा फेकला की खांदा गेला, आणि एखाद्या बुडालेल्या तुळईला चिकटला तर तो माणसाच्या ताकदीने सुटतच नाही. सुरुवातीला ६० ते ७५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका असं मी म्हणेन. ६० चा हलका असतो, पोरांना पण झेपतो.

दोराबद्दल थोडक्यात. किटमधला फेकला, ८ मिलिमीटरचा विणलेला पॉलिएस्टर घेतला, वीस मीटर. नायलॉन ताणला जातो आणि झटका बसतो, शिवाय बारीक दोर ओल्या हाताला कापतो. दुसरं टोक पुलाच्या कठड्याला बांधून ठेवा (सांगायची गरज नाही असं वाटतं ना, मी एकदा पूर्ण दोरासकट जाता जाता वाचवलाय).

या तिसऱ्याची आताची अवस्था : वरचं निकेलचं कोटिंग एका कडेला टवका उडून गेलंय आणि तिथे तपकिरी गंज धरायला लागलाय. निओडिमियम उघडं पडलं की भराभर गंजतं. मी आता प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवतो, पण सुरुवातीचा महिनाभर आळस केला तो भोवला. पकड कमी झाल्यासारखी अजून तरी वाटत नाही. बोट एकदा मॅग्नेट आणि पान्याच्या मधे सापडलं, नख काळं पडलं, दीड महिना. हातमोजे घालाच. पेसमेकर असलेल्या माणसाने तर याच्या जवळपासही फिरकू नये.

काय मिळालं? तीन सायकली, एक ट्रॉली, पाने, कुलपं, किलोकिलोने खिळे, आणि ५ सेंटची नाणी मिळून एक कॉफीसुद्धा येणार नाही एवढी. ॲल्युमिनियमच्या सायकलची फ्रेम चिकटत नाही, पण साखळीला धरून एक आली. भंगार सगळं नगरपालिकेच्या भंगार केंद्रावर नेऊन द्यायचं, पुलावर ढीग ठेवून गेलात तर लोक पुढच्या वेळी हाकलतात, बरोबरच आहे. आणि सुरू करण्याआधी तुमच्या नगरपालिकेचा नियम बघा, काही ठिकाणी साफ बंदी आहे.

बंदीचं एक कारण हा भाग स्वतःच. सप्टेंबर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, दोस्त राष्ट्रांची मार्केट गार्डन मोहीम याच पट्ट्यातून गेली, जवळच्या सोन गावचा पूल जर्मनांनी अमेरिकन पोचता पोचता उडवला, आणि त्या काळचा दारूगोळा अजून पाण्यात आहे. मार्चमध्ये माझ्या मॅग्नेटला गंजाचा लांबट गोळा आला, पावाएवढा, एका टोकाला निमुळता. पोराला लांब पाठवलं, दोर कठड्याला तसाच बांधून ठेवला, हात न लावता ११२ ला फोन. पोलीस आले, मग लष्कराचे लोक आले, तोफगोळाच होता. मॅग्नेट दोन तासांनी परत मिळाला. त्या दिवसापासून पोरगा काठावर लांबच बसतो आणि मी काही चिकटलं की आधी पाण्याच्या वरच थांबवून नीट बघतो, मगच कठड्यावर घेतो.

पहिला मॅग्नेट अजून त्या पुलाखालीच आहे. नवा घेऊन दोनदा त्याच जागी जाऊन टाकून आलो. दुसऱ्या वेळी खाली खट्कन काहीतरी चिकटलं, पोरगा ओरडला सापडला सापडला, वर आली सायकलची साखळी.